नव्वद गड्डे कोबी

"वहिनीनं मुद्दाम आखूड हातमोजे आणलेत की काय कोण जाणे. बघ ना मावशी, कोपरापर्यंत तिखट चढलं," जोंगइम कुजबुजली. "गेल्या वर्षीही हेच. पण बोलायचं कुणी."

निथळायला रचलेल्या कोबीच्या ढिगामागे, अगदी हातभर अंतरावर, ह्येरान उकिडवी बसून शेवटचे गड्डे पालथे घालत होती. लांब हातमोजे तिनं आणले होते. सहा जोड, पडवीत खुंटीला टांगलेले. नणंदेनं उचलले होते ते भांडी घासायचे. हे सांगायला उठावं असं तिच्या मनात आलं, पण उठायला गुडघे लागतात आणि सांगायला उमेद. दोन्हींपैकी जे काही शिल्लक होतं ते तिला आज दुपारी चारपर्यंत पुरवायचं होतं.

चार वाजता फोन येणार होता. तालुक्याच्या शुश्रूषागृहात एक खाट रिकामी झाली होती. तिथली खाट रिकामी कशी होते ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ते कुणी विचारत नाही. दोन वर्षं सासूबाईंचं नाव यादीत होतं. चारला हो म्हटलं तर सोमवारी त्यांना पोचवायचं. नाही म्हटलं, किंवा नुसतं गप्प बसलं, तरी खाट पुढच्या नावाला.

"मी एकट्यानं कसं ठरवायचं?" ब्योंगगुक, तिचा नवरा, म्हणाला होता. "शनिवारी वर्षभराची किमची घालायला दोन्ही भावंडं येतायत. मांस खायला बसलो की मीच विषय काढतो."

थोरला मुलगा होता तो. विषय त्यानंच काढायचा. डुकराचं मांस तर चुलीवर केव्हाचं रटरटत होतं. पण ते खायचं ताज्या किमचीच्या पानात गुंडाळून, आणि किमचीचा मसाला कोबीला लावायचा सासूबाईंनी 'झालं' म्हटल्यावर. त्या 'झालं' म्हणत नव्हत्या.

अंगणाच्या मधोमध मोठ्या लाल टोपापाशी त्या बसल्या होत्या, बुटक्या स्टुलावर, कापूस भरलेलं जांभळं जाकीट घालून. साठ वर्षं ती जागा त्यांची. टोपात मुळ्याचा कीस, मोहरीचा पाला, लसूण, भाताची चिकट पेज आणि तिखट कालवून लालभडक डोंगर झालेला. कोबीच्या गाभ्याचं पिवळं पान मसाल्यात बुडवून त्यांच्या तोंडात द्यायचं, त्यांनी डोळे मिटून चावायचं, आणि मग काय ते सांगायचं. सासरे होते तेव्हा तेसुद्धा या वेळी बोलत नसत. वरचं शेत विकलं त्या वर्षी घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, तेव्हाही या पानापाशी सगळे येऊन उभे राहिले होते.

"अळणी," सासूबाई म्हणाल्या.

"ऐका," दोक्सू म्हणाला. राजधानीत, सोलमध्ये राहणारा धाकटा. आला की अंगणात हसू यायचं, आणि तो गेला की ते हसू पुसायला ह्येरान असायची. "आईनं अळणी म्हटलं की समुद्रानंसुद्धा वर मीठ भुरभुरून घ्यावं."

जोंगइमनं खारवलेल्या जवळ्याची बरणी उघडली आणि दोन पळ्या ओतल्या. ब्योंगगुकनं कोपरापर्यंत हात घालून कालवलं. पुन्हा पान.

"अळणी."

"कळतं बाई हिला अजून," जोंगइम म्हणाली आणि ह्येरानकडे न बघता ह्येरानला ऐकू जाईल असं बोलली, "लोक काहीही सांगतात. सकाळपासून बघतेय मी, किती छान आहे आई. मला विचारलंन, जेवलीस का. अजून काय हवं माणसाला?"

जेवलीस का हे सासूबाई टपालवाल्यालाही विचारायच्या, आरशातल्या बाईलाही. पाहुणे आले की त्या शहाण्या व्हायच्या. कुठून तरी जुनी बाई काढून अंगावर चढवायच्या, आणि पाहुण्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की ती बाई गळून पडायची. मग दोन दिवस रडणं, दाराच्या कड्या, लपवलेल्या चपला. सकाळपासून त्यांनी एकाही लेकराचं नाव घेतलं नव्हतं. हे फक्त ह्येराननं मोजलं होतं.

"मीठच घाला आता," दोक्सू म्हणाला. "जवळ्यानं नाही भागत."

मीठ पडलं. ह्येरान बघत राहिली.

गेली दोन वर्षं तिनं बघत राहायचं नाही असं ठरवून सगळं निभावलं होतं. सासूबाई अळणी म्हणाल्या की ती मूठभर मीठ घ्यायची, पाठ करून वळताना ते गटारात सोडायची आणि रिकामी मूठ टोपात झाडायची. मग सासूबाई कंटाळून 'झालं' म्हणायच्या. किमची छान व्हायची. दोक्सू फोनवर म्हणायचा, "आईच्या हाताला तोड नाही." आणि ह्येरानला आपण एक बाई जिवंत ठेवतोय असं वाटायचं, जी दोन वर्षांपूर्वीच घरातून निघून गेली होती.

या वर्षी तिनं तसं करायचं नाही असं ठरवलं होतं. हे गुरुवारच्या लोकांमुळे. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात वरच्या मजल्यावर एक खोली आहे. सहा खुर्च्या, जवाचा चहा, आणि यांग नावाची नर्स. ज्यांच्या घरात असं माणूस आहे, ते तिथे दर गुरुवारी दीड तास बसतात. तेवढा वेळ सासूबाई खालच्या मजल्यावर रंगीत कागद फाडत. घरी ह्येराननं सांगितलं होतं, तालुक्याच्या सार्वजनिक न्हाणीघरात जाते, गरम पाण्यात अंग शेकायला. आजारी माणसाचं मन कुणालाही समजतं. आजारी माणसाला सांभाळणाऱ्याचं मन हलकं करायला एक खोली लागते, हे सांगायची तिला लाज वाटायची. पहिल्याच दिवशी कू आजोबा, वय एक्क्याऐंशी, शांतपणे म्हणाले होते, "माझी बायको मला साहेब म्हणते. चाळीस वर्षं मी तेच मागत होतो." सगळे हसले, मग आजोबा रडले, आणि कुणी त्यांना गप्प केलं नाही. ह्येराननं आयुष्यात असं पाहिलं नव्हतं.

यांग नर्सनं सांगितलं होतं: घरच्यांपासून झाकू नका. तुम्ही झाकता म्हणून त्यांना दिसत नाही. आणि मदत मागायची तर एका साध्या वाक्यात मागा. मग वाक्याचा सराव करून घेतला. ह्येराननं म्हणायचं होतं, 'मला आता जमत नाही.' तिचा नवरा झाले होते कू आजोबा. ती चौथ्या खेपेला ते वाक्य न अडखळता म्हणाली, तर आजोबा म्हणाले, "बरं, मग चहा मी करतो." खोलीत हशा पिकला. घरी परतताना बसमध्ये ती ते वाक्य ओठातल्या ओठात म्हणत आली होती.

"अळणीच आहे," सासूबाई म्हणाल्या. आता आवाजात राग होता. "कुणी कालवलंय हे?"

पुन्हा मीठ पडलं. यावेळी जोंगइमनं स्वतः पान बुडवून खाल्लं. तिचे डोळे क्षणभर मिटले गेले, मानेची शीर ताठ झाली. "हं," ती म्हणाली. "थोडं कमीच वाटतंय."

दोक्सूनं खाल्लं. गिळायला त्याला वेळ लागला. "आईची जीभ," तो म्हणाला आणि पाणी प्यायला नळाकडे गेला. ब्योंगगुकनं खाल्लं, आणि मिठाची गुळणी धरल्यासारखा टोपाकडे बघत बसला.

ह्येरान एकेकाचं तोंड बघत होती. तिला वाटलं होतं की पहिल्याच घासाला कुणी तरी खारट म्हणेल. आता तिला कळलं की हे नव्वदच्या नव्वद गड्डे नासवतील, गाडीत भरून घरी नेतील, वर्षभर पाण्यात बुडवून बुडवून खातील, पण म्हणणार नाहीत. घड्याळात तीन वाजून गेले होते.

शेवटी मावशी म्हणाली. सासूबाईंची धाकटी बहीण, अठ्ठ्याहत्तरची, पलीकडच्या बेटावरून दरवर्षी सकाळच्या होडीनं येणारी. तिनं पान चावलं आणि हातातल्या हातमोज्यावर थुंकलं.

"खारट जहर झालंय. पहिल्याच वेळी झालं होतं." मग थोरल्या बहिणीकडे वळून, लहान मुलीला विचारावं तसं, "ताई, तुला चवच नाही का गं लागत?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे पाहिलं. अंगावरची ती जुनी बाई कडेकडेनं सुटायला लागलेली ह्येरानला दिसली, आणि ती कोबीच्या ढिगामागून उठलीच.

"तुम्ही कोण लोक?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या अंगणात काय करताय? घरच्यांना विचारलंत?" आणि ह्येरानकडे बोट करून, "ही. ही बाई मीठ चोरते माझं. रोज. हिला कामावरून काढा म्हणून किती दिवस सांगतेय."

"आई, वहिनी आहे ती," दोक्सू हसत म्हणाला. पण ते हसू घ्यायला कुणी नव्हतं. सासूबाईंच्या स्टुलाखालून सिमेंटवर एक ओघळ निघाला आणि टोपाकडे सरकू लागला. दोक्सूनं पाय मागे घेतले. जोंगइमनं तोंड फिरवलं.

"चला," ह्येरान त्यांच्या काखेत हात घालत म्हणाली. "गार लागेल."

आतल्या खोलीत तिनं त्यांना कोरडं केलं, दुसरी विजार चढवली. सासूबाईंनी तिचा दंड चिमटून धरला होता. रोजची जागा होती ती, तिथे आता जांभळं कायमचंच होतं. दार कागदाचं, पातळ. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"दादा, हे कधीपासून?" दोक्सू.

"होतं कधी कधी."

"वहिनी वेळेवर नेत नसेल," जोंगइम म्हणाली. "म्हातारं माणूस आहे. दर दोन तासांनी न्यावं लागतं. माझ्या सासूबाईंना मी..."

"तुझ्या सासूबाई तीन आठवडे अंथरुणावर होत्या," मावशी म्हणाली. "तीन आठवडे मीही कुणाला सांभाळेन."

"मावशी, तू हिच्या बाजूनं का बोलतेस? आई तुझी सख्खी बहीण ना?"

"म्हणून तर थुंकले."

पाणी ओतल्याचा आवाज आला, खराट्याचा आला. मग दोक्सू खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, शुश्रूषागृह वगैरे काही डोक्यात नाही ना तुमच्या? वहिनी फोनवर एकदा काहीतरी म्हणाली होती. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. लोक काय म्हणतील? जुन्या गोष्टीतल्यासारखं जिवंतपणी आईला डोंगरावर सोडून आले म्हणतील."

ह्येराननं दाराकडे कान लावला. चालत आलेला विषय होता. ब्योंगगुकनं नुसतं हो म्हणायचं होतं.

"छे," ब्योंगगुक म्हणाला. "तसं काही नाही."

सासूबाईंच्या विजारीची नाडी ह्येरानच्या हातात होती. तिनं ती बांधली, एक गाठ, दुसरी गाठ. त्यांना उशीला टेकवून बसवलं, हातात मऊ रुमाल दिला. तो त्या उलगडत आणि घडी घालत बसल्या. मग दार सरकवून ती बाहेर आली. पायात चपला घालायच्या राहिल्या. चारला वीस मिनिटं होती.

"मला आता जमत नाही," ती म्हणाली.

न अडखळता म्हणाली. आणि थांबली, कारण सरावात यापुढे काही नव्हतं.

"अगं वहिनी," जोंगइम लगेच पुढे आली. तिनं ह्येरानचे हात हातात घेतले. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, आणि ते खोटं नव्हतं. "कुणाला जमतं गं? तू म्हणून करतेस. दुसरी कोणी असती तर केव्हाच पळाली असती. आमच्या सोसायटीत मी सगळ्यांना सांगते, आमची वहिनी म्हणजे देवमाणूस."

"आईचं नशीब," दोक्सू म्हणाला. "खरंच वहिनी. तुला पुतळा उभारायला हवा."

"पुतळा नको, भाऊजी. आठवड्यातून दोन दिवस द्या."

दोक्सूनं ब्योंगगुककडे पाहिलं.

"मी न्यायला तयार आहे," जोंगइम म्हणाली, "पण आमचा बारावा मजला. आईला लिफ्टची भीती. शिवाय जागा बदलली की ही माणसं जास्तच बिघडतात, टीव्हीवर डॉक्टर सांगत होते."

"म्हणून तर घरातच ठेवायचं," दोक्सू म्हणाला.

"हेच तर म्हणतेय मी."

दहा वर्षांपूर्वी वरच्या शेतावरून कोर्टापर्यंत गेलेली ही दोघं भावंडं आज पहिल्यांदा एका सुरात बोलत होती. ह्येरानला हसू आलं असतं.

"शुश्रूषागृहात खाट मिळाली आहे," ती म्हणाली. "चारला फोन येईल. हो म्हणायचं तर थोरल्या मुलाची सही लागते. यांनी विषय काढायचा होता." तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. "त्यांनी काढला नाही, म्हणून मी काढते."

जोंगइमनं तिचे हात सोडले.

"म्हणजे ठरवूनच बसलात. आम्हाला बोलावलं ते कोबी उचलायला."

"वन्सं, तुम्हाला..."

"थांब. आता मीही बोलते. इतका वेळ तोंड दाबून होते." जोंगइम भांडी घासायचे हातमोजे उतरवत म्हणाली, एकेक बोट ओढत. "गुरुवारी न्हाणीघरात जातेस म्हणे. दर गुरुवारी. बरोबर आहे, थकतेस, जावं माणसानं. पण मला पलीकडच्या घरातल्या ओ बाई भेटल्या मघाशी. गेल्या महिन्यात तिसऱ्या-शिंपले वेचायला त्या समुद्राच्या बांधापलीकडे गेल्या होत्या. ओहोटीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतलेली आई त्यांनी ओढून काढली. भरती अर्ध्यावर आली होती. हे आम्हाला कुणी सांगितलं? दादा, तू सांगितलंस? नाही. मला परक्या बाईकडून कळतंय." तिचा आवाज फाटला. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरळ बांधाची वाट दिसते. मी या घरात वाढलेय, मला माहीत आहे. तुझं लक्ष कुठं होतं, वहिनी?"

मावशी म्हणाली, "जोंगइम, पुरे."

"नाही, सांगू दे तिला. कुठं होतं लक्ष?"

ह्येरान सिमेंटवर अनवाणी उभी होती. खाली ओलं होतं. तिला वाटलं होतं की हे कधी तरी त्या सहा खुर्च्यांच्या खोलीत सांगायचं. दोन गुरुवार ती तोंड उघडून मिटून घरी आली होती. कू आजोबांना सांगता आलं असतं. त्यांनी चहा पुढे सरकवला असता.

"लक्ष होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मी बघत होते. तांदूळ धूत होते मी. त्या फाटकातून निघाल्या, वाटेला लागल्या, ते सगळं दिसत होतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती." ती जोंगइमकडे बघून बोलत होती, पण खबर दिल्यासारखं, दुसऱ्या कुणाबद्दल. "मी पाणी ओतून टाकलं. परत घेतलं. परत धुतले. पाचसहा वेळा. पाणी अगदी स्वच्छ यायला लागलं तरी धूत राहिले. मग ओ बाईंचा आरडाओरडा ऐकू आला."

आतल्या खोलीत सासूबाई रुमालाशी काहीबाही बोलत होत्या, समजूत घातल्यासारखं.

"बाई गं," दोक्सू म्हणाला, आणि तिच्यापासून एक पाऊल मागे सरला. मघाशी त्या ओघळापासून सरला होता, तसाच.

"हिच्या हातात आई दिली आपण," जोंगइम म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दादा. ऐकलंस ना? तुझी बायको काय म्हणाली ते ऐकलंस? या घरात आईला आता एक रात्र ठेवणार नाही मी. आणि हिला..."

"मलाही दिसली होती."

ब्योंगगुक टोपापाशी बसूनच होता. कोपरापर्यंत लाल झालेले हात त्यानं गुडघ्यांवर ठेवले होते, कुठे टेकवावेत ते न कळल्यासारखे.

"काय दिसलं?" दोक्सूनं विचारलं.

"आई. मी लसणाच्या शेतात होतो, ट्रॅक्टरवर. तिथून बांध सगळा दिसतो." तो टोपाशीच बोलत होता. "जाकीट ओळखलं मी. आधी वाटलं, ह्येरान बघेल. मग वाटलं, ह्येराननं नाही बघितलं तर."

ह्येराननं वळून नवऱ्याकडे पाहिलं. महिनाभर हा माणूस तिच्या शेजारी बसून जेवला होता. चिखलानं भरलेलं जाकीट अंगणात धूत असताना त्यानंच नळी धरली होती.

"आणि गेला नाहीस?" जोंगइमचा आवाज आता लहान झाला होता.

"नांगराचा तास संपवला. वळलो. दुसरा तास घेतला." त्यानं मान वर केली. सत्तावन्न वर्षांचं, उन्हानं करपलेलं तोंड, आईसारखंच. "आई परत येऊ नये, असं वाटत होतं मला."